मागच्या महिन्यातलं आवडतं

—अगं, चपला आतच घे, बाहेर नको ठेवूस, लिफ्टसमोर नुसती एक चप्पल दिसली तरी इथले मॅनेजमेंटवाले दाराला नोटीस चिकटवून जातात. हं, इथे, त्या कुंडीशेजारी. नाही, ऋचा नाहीये घरी, शनिवार असूनही ऑफिसात गेलीये, तांजोंग पगारला, पण तुझी पिशवी भरून ठेवलीये तिनं — ही बघ, चारही बाजूंनी टेप मारलेली, वर चिठ्ठी, 'गार्गी, हौगांग'. ती तूच ना? मग बस की जरा, एवढ्या लांबून आलीस. मूळची कुठली, ठाण्याची? बरं. मराठी बोलणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलंय, नाहीतर मी आपली दारातनंच पिशवी देते, हसते, थँक्यू म्हणते आणि दार लावते. आणि एक सांगू का, राग नको मानूस — मघाशी दारात तू म्हणालीस ना, 'काकू — मी — गार्गी — पिशवी — न्यायला — आलेय', असा एकेक शब्द सुटा करून, मोठ्यांदा — त्याची काही गरज नाही. मला ऐकू येतं. कळतं पण. तू तिचा या महिन्याचा व्हिडिओ बघितलायस, हो ना? तरीच.

बघितलास तर बघितलास, त्यात लाजायचं काय, अख्खं सिंगापूर बघतं. इथल्या मराठी मंडळाच्या सगळ्या बायका बघतात. दर महिन्याच्या शेवटी आमच्या हॉलमध्ये तो गोल दिवा लागतो, सोफ्यावरचे कपडे बेडरूममध्ये ढकलले जातात, जावईबापूंना खाली बागेत पिटाळतात, मला म्हणते आई, कुकर लावू नकोस, शिट्टी येते रेकॉर्डिंगमध्ये — आणि मग ही बसते, मान तिरकी करून, 'या महिन्यातल्या माझ्या आवडी'. एक तोंडाला लावायचं, एक वाचायचं, एक फोनमध्ये घालायचं. दर महिन्याला नवीन. मी तिला विचारलं, अगं, आवड अशी महिन्याला बदलते का कोणाची? मला लहानपणापासून साबुदाण्याची खिचडी आवडते, अजून तीच आवडते. तर म्हणाली, आई, तुला नाही कळणार, हा कंटेंट आहे. आणि मागच्या महिन्यातली आवड संपली की ती जाते त्या प्लास्टिकच्या डब्यात, बाल्कनीतल्या, आणि तिथून तुमच्यासारख्यांकडे. वापरलेलं विकायचं इथे कोणाला काही वाटत नाही, ते एक बरंय, आमच्याकडे पुण्यात असं शेजाऱ्यांना विकलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, काय गं, घरी सगळं बरं आहे ना?

तू काय काय घेतलंयस? क्रीम — कुठलं, ते गोगलगायीचं? घे बाई, घे. मला अजून खरं वाटत नाही. आमच्या अंगणात गोगलगाय दिसली की माझी आई मीठ घेऊन धावायची, आणि माझी लेक तिच्या अंगचा चिकटा डॉलर मोजून आणते नि गालाला फासते. कोरियातनं येतो म्हणे. आणखी काय — पुस्तक? ते पांढऱ्या कव्हरचं ना, घरातला पसारा काढून टाका म्हणजे मन मोकळं होतं, ते? ते वाचलंय मी. हो, मीच. तिनं कुठलं वाचायला, तिनं पुढची चार पानं आणि मागचं कव्हर वाचलं, कॉफीच्या कपाशेजारी ठेवून फोटो काढला, आणि मला म्हणाली, आई, तू दुपारी मोकळीच असतेस, वाचून मला थोडक्यात सांगतेस का? मी डिक्शनरी घेऊन बसले आणि वाचलं. त्यात तो बाबा म्हणतो, प्रत्येक वस्तू हातात घ्या, तिला विचारा, तू मला आनंद देतेस का, नाही म्हणाली तर काढून टाका. मी ऋचाला एवढंच सांगितलं की या माणसाच्या घरी कोणी म्हातारं राहत नसणार. ते वाक्य तिनं व्हिडिओत घेतलं बरं का, स्वतःचं म्हणून, वर हसलीसुद्धा.

आणि तिसरं काय म्हणालीस — चेहऱ्याच्या मसाजचं काहीतरी? असेल, रोलर असेल तिचा, हिरव्या दगडाचा. मला काय माहीत, मी बघत नाही कधी. मी अख्खी नोकरी पोस्टात काढली, शिवाजीनगरला, काउंटरवर. लोकांचं पार्सल हातात आलं की ते जसंच्या तसं पुढे द्यायचं, आत काय आहे ते आपण बघायचं नाही. इतक्या जणी आल्या, सेंगकांगहून, तांपिनीसहून, एक पिशवी कधी उघडली नाही मी.

चहा टाकू का? नको? टाकते गं, घाबरू नकोस, गॅस बंद करायचं लक्षात राहील माझ्या. एकदा — एकदाच — दूध उतू गेलं, मी खाली कपडे वाळत घातलेले आणायला गेले होते. मशीन असताना उन्हात वाळत घालते म्हणून आधीच राग, त्यात ते दूध. त्या दिवसापासून सुरू झालं. नाही, त्याच्याही आधी. वाटीपासून सुरू झालं.

काशाची वाटी गं. तुला माहितीये ना, तळपायाला तूप लावून घासायची? मला हवीच असते ती. इथे चोवीस तास एसी आणि बाहेर वाफ, माझ्या तळपायांची नुसती आग होते, झोपायच्या आधी थोडी घासली की बरं वाटतं. पुण्याचा फ्लॅट रिकामा केला तेव्हा भांडी सगळी वाटून टाकली, एवढी एक बरोबर आणली. ती ऋचानं बघितली. म्हणाली, आई, हे तर सध्या फार चालतंय, आणि मे महिन्याच्या आवडीत घेतली — पायाची वाटी, तोंडाला. 'माझ्या आईचं गुपित' असं नाव दिलं, माझा हात दिसला त्यात बांगड्यांसकट, बायकांनी खाली लाल बदाम टाकले शेकड्यानं. मी सांगत होते, अगं, काशानं तेल काळं पडतं, गाल काळे होतील. झालेच. तर ही कॅमेऱ्यासमोर म्हणते, बघा, त्वचेतलं विष कसं बाहेर येतंय. काय बोलायचं सांग. पण खोटं नाही बोलणार, मला बरं वाटलं होतं. एक महिना का होईना, तिच्या आवडीत होते मी.

मग जूनमध्ये वाटी सापडेना. मी विचारलं, ऋचा, माझी वाटी? म्हणाली, मी शूटिंग झाल्या झाल्या तुझ्या हातात दिली आई. मी म्हटलं, नाही गं. म्हणाली, दिली, तू देवापाशी ठेवलीस, मी बघितलं. देवापाशी नव्हती. कपाटात नव्हती, पलंगाखाली नव्हती, पिठाच्या डब्यात हात घालून बघितलं मी. नातीला विचारलं, चैत्रालीला, तर ती टॅबमधून मान वर न काढता म्हणाली, 'आज्जी, you forget already lah.' आणि मग दूध. आणि मग एक दिवस मला शेजारणीचं नाव आठवेना — आता तिचं नाव तीन भागांतलं चिनी आहे, ते मला आधी तरी कधी आलं होतं? पण ऋचानं जावयाकडे बघितलं. तसं बघणं कळतं माणसाला.

तर मग या महिन्याचं ॲप. माझ्याच फोनमध्ये घातलं. एक पोपट येतो सकाळी, विचारतो आज वार कुठला, तीन चित्रं दाखवतो, सफरचंद, छत्री, घोडा, आणि संध्याकाळी विचारतो सकाळी काय बघितलंत. बरोबर आलं की पंख फडफडवतो. आम्ही पोस्टात पिनकोड तोंडपाठ म्हणायचो सगळ्या जिल्ह्यांचे, आणि आता मी पोपटाला घोडा सांगते. त्याचंही मला काही नाही. पण तिनं ते व्हिडिओत सांगितलं. मान तिरकी करून, डोळ्यांत पाणी आणून — 'माझी आई हल्ली विसरायला लागलीये, तुमच्याही घरी कोणी असेल तर हे ॲप नक्की'. म्हणजे झालं. पुढच्या रविवारी मंडळात गेले तर सगळ्या बायका माझ्याशी तुझ्यासारख्या बोलायला लागल्या. सावकाश. एकीनं तर माझ्या पानातलं श्रीखंड पोळीला लावून दिलं मला.

आणि गुरुवारी मला डॉक्टरकडे नेणार आहेत. स्मरणशक्तीचा दवाखाना असतो वेगळा. तिथून काय निघेल ते निघेल, मग ते सेंटर आहे म्हणे इथे जवळच, दिवसभर म्हाताऱ्यांना ठेवतात, टाळ्या वाजवून घेतात. माझा इथे राहायचा पास तिच्या पासाला बांधलेला, मी कुठे जाणार? पुण्यात आता दारसुद्धा नाही माझं. मी नाही म्हणाले नाही. का, माहितीये? कारण मला स्वतःलाच खात्री राहिली नाही. माझ्या थोरल्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं, आधी किल्ल्या, मग नावं, शेवटी मला म्हणाली, बाई, तुम्ही कोणाकडे आलात? हल्ली रोज अंघोळ करताना मी मनाशी वाटीचा दिवस पुन्हा पुन्हा उगाळते — हिनं दिली, मी घेतली, कुठे ठेवली — आणि मला आता दिसायला पण लागलंय की तिनं दिली. इतकी भीती वाटते गं, पोरी. हे मी जावयालाही नाही सांगितलं, आणि तुला सांगतेय, तुझं आडनावसुद्धा माहीत नसताना. जाऊ दे. घे तुझी पिशवी.

काय? उघडून बघायचीये? अगं, टेप मारलीये, नीटच असणार — हो का, मागच्या वेळी कोणी तुला बंद पडलेला केस वाळवायचा पंखा दिला? मग बघ बाई, तुझा हक्कच आहे, थांब, कात्री देते, कात्री ड्रॉवरमध्ये डावीकडे, बघ, आठवलं. काप. हं, ही गोगलगाय. हे पुस्तक, त्यात माझी पेन्सिलची खूण असेल, खोडून टाक. आणि हे काय, कागदात गुंडाळलंय, जड आहे —

...

नाही, मला काही होत नाहीये. पाणी नको. बस तू.

काय लिहिलं होतं तिनं विकताना? वाच, फोनमध्ये असेल ना तुझ्या. 'पारंपरिक भारतीय मसाज बाऊल, एकदाच वापरलेला, तळाला हाताने कोरलेली सुंदर नक्षी'. नक्षी. बरं. आता ही उलटी कर आणि ती नक्षी वाच. तुला मराठी वाचता येतं ना, ठाण्याची ना तू? वाच, मोठ्यांदा वाच, मघाशी बोललीस तशी, एकेक शब्द सुटा करून. 'चि. — सुलेखास — आईकडून.' हां. सुलेखा म्हणजे मी. माझ्या रुखवतातली आहे. माझी आई तुळशीबागेत त्या नाव घालणाऱ्यापाशी स्वतः बसून ठोकून घेत होती आणि मी शेजारी उभी होते, ऊन होतं, मला उसाचा रस हवा होता. बघ, सगळं आठवतंय की नाही?

म्हणजे दिलीच नव्हती. मे संपला, हिची आवड संपली, वाटी बाल्कनीतल्या डब्यात गेली. मुद्दाम? नाही गं, मुद्दाम नाही, मुद्दाम करायला आधी लक्षात असावं लागतं. विसरली ती. विसरली, आणि मग दिली म्हणाली, आणि मला पोपट आणून दिला. आणि मी — मी पिठात हात घालून शोधत बसले, आणि आज माझ्याच हातानं तुला दारात देऊन टाकणार होते, वर थँक्यू म्हणणार होते. तू उघडली नसतीस तर गुरुवारी मी डॉक्टरसमोर बसून सांगितलं असतं, हो डॉक्टर, मीच कुठेतरी ठेवली.

नको, तू सॉरी म्हणू नकोस, तुझं काय चुकलं. क्रीम घेऊन जा, पुस्तक घेऊन जा, पुस्तक तर जरूर ने. वाटीचे पैसे तिच्याकडून मागून घे. चहा राहिला बघ, पण आता तो करायला मी उठत नाही, मला जरा पाय वर घेऊन बसायचंय. चपला घाल, लिफ्ट उजवीकडे, दार नुसतं ओढून घे.

आणि ऐक. ऋचाचा मेसेज येईल तुला, मसाजचा बाऊल मिळाला का म्हणून. सांग, नाही मिळाला. काकू द्यायला विसरल्या म्हणावं.