नवरीच्या तळहातावर बबड्या

‘पोर झोपलं की कर,’ म्हणं! अवो, पण झोपतंय कोण? तुमाला सांगते, भोरात मेंदी काढणाऱ्या पोरी लई, पण नवऱ्याचं नाव नक्षीत असं दडवावं की बाप्यानं डोळं फाडून हुडकावं, ते म्या तरन्नुमनंच! पर बाळंतपण झालं आन् सगळं बसलं. मेंदीचा कोन हातात घेतला रे घेतला की आतनं सासूबाई, ‘पोर झोपलं की कर गं!’ आन् आमचा बबड्या... डोळे टक्क उघडे, जसा काय राखणीलाच बसवलाय!

त्यात शिवऱ्याच्या सबिहाचं लग्न निघालं. बाळंतपणानंतरची माझी पयली नवरी! सासूबाई म्हणल्या, ‘जा. पर काम बिघडलं तर तुजे कोन चुलीत घालीन!’ आन् त्या घालतात वो, त्यांचा भरवसा न्हाई! पोराला काखोटीला मारलं आन् गेले. तिथं झोळी बांधली. आता दोरी वढणार कोण? माझ्या हातात कोन, नवरीचे हात वले... दिली बांधून नवरीच्याच पायाच्या अंगठ्याला! ती झोका देतीया, मी वेल काढतीया, आन् येणारी प्रत्येक बाई दारातनंच वरडतीया, ‘झोपलं का गं बाळ?’ झोपलं हुतं की, तुमी येस्तवर! मग पुन्ना, ‘बबड्या, ए बबड्या, निज ना रे राजा...’ तोंड तिकडं, हात हिकडं.

घरी येऊन मोबाईलवर फोटू बघते तर, या अल्ला! नवरदेवाचं ‘आसिफ’ लिवायचं तिथं, काय सुबक अक्षरात... ‘बबड्या’!

निकाहाला गेले ती ओढणीत तोंड लपवतच. करवल्या नवरदेवाच्या मागं, ‘हुडका, हुडका!’ आसिफनं हाताला नाक टेकवलं आन् मोठ्यांदी वाचलं, ‘बबड्या?’ म्हणलं, संपलं आपलं. सबिहानं माझ्याकडं एकवार बघितलं, मान खाली घातली आन् म्हणाली, ‘लाडानं म्हणते मी तुमाला.’ अवो, मला रडूच फुटलं! आन् तो आसिफ... लाजून पाणी पाणी! आता सासुरवाडीत त्याला दुसऱ्या नावानं कुणी हाकच मारत न्हाई.

काल आंबवड्याची नवी नवरी रत्ना आली. ‘ताई, माझ्या नवऱ्याचं बी तसलंच लाडाचं नाव काढा, पर येगळं पायजे हां!’ म्हणलं, येगळं कुठनं आणू बाई? माझ्याकडं पोरच एक हाय! तर आतनं सासूबाई, ‘मग दुसरं होऊ दे की!’

म्हणलं, सासूबाई... त्याला बी आदी हे पोर झोपाया पायजे ना!