नोझिमाची मालिका बंद पडली त्या शुक्रवारच्या मारहाणीबाबत

मी, अब्दुवोहिद कोदिरोविच मिर्झालिमोव, वय सदुसष्ट, धंदा काही नाही, पूर्वी साहित्याचा शिक्षक, राहणार तुतीची गल्ली, चिनोरकेंत, फरगाना खोरे, ठाण्यात आपल्या पायांनी येऊन लेफ्टनंट योल्दाशेव यांनी विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नी सानोबर हिच्यासह राहतो. मुले ताश्कंदला असतात. शाळेत शिकवल्यामुळे गावात मला सर्व जण दोमला म्हणतात. आमच्या गावची शायरा नोझिमा, जी खानाच्या काळी होऊन गेली, तिच्या स्मारक समितीचा मी अध्यक्ष आहे. समितीत सध्या मी एकटाच आहे.

गेल्या शरद ऋतूत टीव्हीवर नोझिमाच्या आयुष्याची मालिका दर शुक्रवारी संध्याकाळी लागू लागली. पहिला भाग मी तुर्सुनअली याच्या चहाघरात सर्वांसोबत पाहिला. त्यात नोझिमा टोमॅटोची कोशिंबीर खाताना दाखवली आहे. खानाच्या काळी आमच्या खोऱ्यात टोमॅटो नव्हता. मी उभा राहून तसे सांगितले. त्यावर तुर्सुनअली म्हणाला, "खाऊ दे की दोमला, पोरगी दिवसभर गझला लिहून दमलीय." लोक हसले. पुढे तिच्या बुटांना चेन निघाली, वजिराच्या मनगटावर घड्याळ निघाले, आणि नोझिमा बापाला "टेन्शन नका घेऊ, बाबा" असे म्हणाली. तेव्हा लोकांचे हसणे थांबले व सर्व जण माझ्याकडे पाहू लागले. गावाचा अपमान झाला आहे असे मी जाहीर केले. ते सर्वांना पटले.

त्यानंतर दर शुक्रवारी अपमान पाहण्यास गर्दी वाढत गेली. जागा मिळावी म्हणून लोक दुपारपासून गाद्या अडवत. एका भागात नोझिमाचा खांदा उघडा दिसला अशी तक्रार आली. तक्रारीची शहानिशा व्हावी म्हणून तो प्रसंग मोबाइलवर पुन्हा पुन्हा लावण्यात आला. ज्येष्ठ मंडळींनी चष्मे पुसून पाहिले व संताप व्यक्त केला.

मी वाहिनीला निषेधाचा अर्ज लिहिला. त्यावर चहाघरात सर्वांनी खुशीने सह्या केल्या. कोणावरही जबरदस्ती झाली नाही. सह्या करताना कोणाचे लक्ष कागदाकडे नव्हते, कारण समोर मालिका सुरू होती. नोझिमाचे मूळ काव्य किती जणांनी वाचले आहे असे मी विचारले असता कोणाचाही हात वर आला नाही. मालिकेमुळे शाळेतल्या काही मुली वाचनालयात तिचा दिवाण, म्हणजे काव्यसंग्रह, मागू लागल्या हे खरे आहे. वाचनालयात एकच प्रत आहे. ती माझ्याकडे असते.

चहाघरातल्या गोंगाटात चुका नीट टिपता येईनात, म्हणून चौथ्या भागापासून मी मालिका घरी पाहू लागलो. मी व माझी पत्नी गेली काही वर्षे वेगवेगळ्या खोल्यांत जेवतो. त्याचे कारण या गुन्ह्याशी संबंधित नाही. टीव्ही तिच्या खोलीत आहे. शुक्रवारी ती खरबूज चिरून ठेवत असे. मी चुका सांगत असे. "अहो, जरा गप्प बसा, ती काय म्हणतेय ते ऐकू द्या," असे ती म्हणे. एका प्रसंगात नोझिमा नवऱ्याला गझल वाचून दाखवते आणि तो घोरत असतो. सानोबर त्या वेळी बराच वेळ हसली. हसण्याचे कारण मी विचारले नाही.

आणखी एका शुक्रवारी मालिका संपल्यावर ती म्हणाली, "ही ओळ ऐका. दार लावून घेतलं की वारा बाहेर राहतो, आत मी राहते, फरक तेवढाच. कशी वाटली?" मी सांगितले की वृत्त चुकले आहे आणि नोझिमा असे लिहिणे शक्य नाही. ती म्हणाली, "तिची आहे असं मी कुठं म्हटलं?" व भांडी घासायला गेली. दुसऱ्या शुक्रवारी तिने खरबूज चिरले होते.

आठव्या भागाच्या शेवटी नोझिमा पहाटे नदीकाठी येते. तिथे खोगीर शिवणारा कारागीर घोडा घेऊन उभा असतो. तिने त्याच्याबरोबर निघून जावे की नाही, इथे भाग संपला.

पुढच्या शुक्रवारी मी मुद्दाम चहाघरात गेलो, कारण अर्ज मंजूर झाल्याचा निरोप वाहिनीकडून मला आला होता आणि तो सर्वांसमोर सांगावा अशी माझी इच्छा होती. वेळ झाली. पडद्यावर कापसावरच्या किडीचा कार्यक्रम लागला. लोकांनी प्रथम वाट पाहिली. नंतर तुर्सुनअलीने विचारले, "हे काय आता? कोणी बंद पाडली?"

मी उभा राहून म्हणालो, "आपण सर्वांनी. गावाचे अभिनंदन!"

तुर्सुनअली म्हणाला, "आपण? मी फक्त टोमॅटोपुरती सही केली होती."

नान भाजणारी खोसियत म्हणाली, "मी बुटांच्या चेनपुरती. ती नदीकाठी थंडीत उभीय हो, दोमला! अशी मध्येच सोडतात का बाईमाणसाला?"

मी समजावले की ऐतिहासिक नोझिमा एकशे ऐंशी वर्षांपूर्वीच वारली आहे व तिला थंडी वाजत नाही. त्यावर खोसियतने मला लोड फेकून मारला. तुर्सुनअलीने गचांडी धरली. इतरांनी ढकलाढकली व शिवीगाळ केली. ज्यांनी खांद्याबद्दल तक्रार केली होती ते सर्वांत पुढे होते.

आरडाओरडा ऐकून माझी पत्नी तिथे आली. ती सोडवील असे मला वाटले. लोकांनी तिला वाट करून दिली. तिने विचारले, "मग ती गेली का त्याच्याबरोबर?" मी सांगितले की पुराव्यानुसार नोझिमा कुठेही गेली नाही. ती नवऱ्याच्या घरातच वारली. सानोबर म्हणाली, "ते मला ठाऊकच आहे. मी मालिकेतलं विचारतेय." मी म्हणालो की मालिकेतले आता कोणालाच कळणार नाही, आणि हाच आपला विजय आहे. त्यानंतर मी लोकांकडे तोंड करून पुढे बोलू लागलो. सानोबर माझ्या पाठीमागे उभी होती.

तेवढ्यात कोणीतरी माझ्या डोक्यावरची टोपी काढून अलगद बाजूला ठेवली व मग किटली मारली. किटली रिकामी होती. डोक्याला टाके पडले. टोपी काढणारा इसम कोण हे मी पाहिले नाही. टोपीला डाग लागलेला नाही. तिच्यावरचे भरतकाम सानोबरचे आहे.

त्याच रात्री सानोबर मार्गिलानला बहिणीकडे गेली. कपडे नेले नाहीत. टीव्ही नेला.

माझी तुर्सुनअली व खोसियत यांच्याविरुद्ध तक्रार आहे. किटलीबाबत माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही. लेफ्टनंट साहेबांनी, "दोमला, नीट आठवा," असे दोनदा सांगितले. मी नीट आठवले. तक्रार नाही.

नंतर लेफ्टनंट साहेबांनी पेन खाली ठेवून विचारले, "ते जाऊ द्या. तुम्ही एवढा अभ्यास केलाय. खरंच गेली नाही ती?" मी पुरावे सांगू लागलो. चहा घेऊन आलेला शिपाई दारातच थांबला. दोघेही माझ्या तोंडाकडे पाहत होते.

तेव्हा मी सांगितले की ती गेली. नदीला पाणी कमी होते. घोडा आधी बुजला, मग चालू लागला. पलीकडच्या काठावर तिने एकदा थांबून बूट काढले व पाणी झटकले. कारागीर काही बोलला नाही. उजाडेपर्यंत ती दोघे टेकड्यांच्या पलीकडे गेली होती. हे जबाबात घेऊ नये अशी मी विनंती केली. लेफ्टनंट साहेबांनी पेन उचलून घेतले.

शिपायाने विचारले, "आणि मागे तिच्या नवऱ्याचं काय झालं?"

त्याबाबत कोणताही पुरावा उपलब्ध नाही, असे मी सांगितले.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तेच यात आहे. शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, त्या माझ्या हाताने दुरुस्त करून खाली सही केली आहे.