कुठल्या काठानं

(अलास्का, यूकॉन नदी. गावातली मावशी आणि खालच्या वळणावर, पाण्यात सोडलेल्या यंत्राच्या पडद्यासमोर बसलेली भाची. मध्ये रेडिओ.)

पेलागिया : एवढंच सांग, कुठल्या काठानं येतोय?

अगाफिया : मावशी, मला मासे मोजायला बसवलंय. पकडून द्यायला नाही.

पेलागिया : मोज की! त्यातला एक आमच्याकडे आला तर नदी आटणार आहे?

अगाफिया : अख्ख्या सकाळीत हा एकच मोठा. पडद्यावर पांढरा फराटा नुसता. पण लांबीवरून राजामासाच, किंग सॅमन.

पेलागिया : सुटलं ना तोंडाला पाणी?

अगाफिया : सुटलं. म्हणून तो धरायची बंदी उठली?

पेलागिया : तुझी आजी काही खात नाही गं. डब्यातलं सूप दिलं की वाटी सरकवते. मासे धुरावायच्या धुरीघरात जाऊन उभी राहते. रिकाम्या दांड्यांचा वास घेत. बघवत नाही मला. जाळं होडीत टाकलंय. कुणाला कळणार आहे?

अगाफिया : थांब. तू कुठल्या चॅनलवर आहेस?

पेलागिया : आपल्या नेहमीच्या... अगं बाई!

अगाफिया : म्हणजे सगळं गाव ऐकतंय.

आजी : गावाचं सोड. मासा ऐकतोय.

पेलागिया : आई! तू झोपली होतीस ना?

आजी : उशाशी रेडिओ आहे माझ्या. माशाबद्दल असं बोलतात? हेच शिकवलं मी? अगाफिया, मादी आहे का गं?

अगाफिया : यंत्राला ते कळत नाही, आजी. नुसती लांबी.

आजी : किती?

अगाफिया : तुझ्या हाताहून जास्त.

आजी : मादीच मग. अंड्यांनी भरलेल्या पोटाची.

पेलागिया : आई, एक तुकडा तरी—

आजी : हवाय मला. खोटं कशाला बोलू? झोपेत बोटांना माशाचं तेल लागलेलं असतं. जाग आली की चाटून बघते.

पेलागिया : मग आणते ना!

आजी : जाळं काढ होडीतून.

अगाफिया : आजी, ती त्या पलीकडच्या—

आजी : नको सांगू. पोरी, मला नको सांगू.

अगाफिया : ...गेली. पडद्याबाहेर गेली.

आजी : मोजलीस?

अगाफिया : मोजली.

आजी : गावापाशी कधी येईल?

अगाफिया : तुम्ही जेवायला बसाल तेव्हा.

आजी : पेलागिया, सगळ्यांना सांग, तेव्हा कुणी होडीचं इंजिन चालू करू नका.

पेलागिया : सांगायचं काय त्यात? ऐकताहेतच सगळे.

आजी : बरं. मग माझी खुर्ची तेवढी काठावर नेऊन ठेव.