सदरमधला जुना नंबर

त्या बँकेचं नाव काढलं की अजूनही माझं डोकं तापते. बँक शहरातल्याच नंदनवन वस्तीत गेली आणि सदर भागातल्या तिच्या जुन्या जागेत मी टेलरिंगचं दुकान टाकलं. बँकेसंगं तिचा अलार्मही तिकडं गेला. कॅशियरनं पायाजवळचं बटण दाबलं की टेलिफोनच्या तारेतून बँकेचा ठरलेला नंबर पोलीस कंट्रोल रूमले जायचा, आणि त्या नंबरावरून पोलीस जागा ओळखायचे.

एका दुपारी मी ब्लाउज बेतून राहिलो होतो, तर पोलीस जीपमधून उतरून थेट दुकानात शिरले. हातातली कात्री पाहून एकानं मले भिंतीले दाबलं.

"बँक कुठं आहे?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

"नंदनवनात गेली, साहेब. मी टेलर आहो."

"खोटं काहून बोलतो? नंबर इथलाच आला आहे."

"मंग चोर तिकडं असन, साहेब. तिकडं जा ना."

त्यांनी आधी माझं दुकान उलथंपालथं केलं. नंदनवनात पोचले तेव्हा चोर पळाले होते, आणि बटण दाबणारा कॅशियर डोकं फुटून पडला होता. तो वाचला, पण त्याचा एक डोळा गेला.

पुढं बँकेचा मॅनेजर माझ्याकडं शर्ट शिवाले आला. मले म्हणे, "अलार्मच्या मशीनची काही चूक नव्हती. तिनं नंबर लगेच पाठवला."

मी त्याचं कापड त्याच्या हातात परत दिलं. म्हटलं, "मशीनले तेवढंच बोलता येते, साहेब. जागा बदलली हे पोलिसांले सांगाले तुम्हाले तर तोंड होतं."