खेकड्याचा रस्सा आणि पेत्राच्या दारातली माणसं

मंडळी, ऐका. एक पत्र होतं. शांतवन मास्तर उजागरे यांच्या पवित्र शास्त्रात, लेवीय पुस्तकाच्या अकराव्या, खाण्याच्या नियमांच्या अध्यायात, घडी घालून ठेवलेलं. एकोणीस दिवस झाले होते – आणि उत्तर गेलं नव्हतं.

आधीच एक विचारून ठेवतो. ताटातला एखादा जिन्नस माणसाला देवापासून तोडू शकतो का? मनातल्या मनात उत्तर द्या आणि गोष्ट संपेपर्यंत सांभाळा.

पत्र खडकवाडीच्या तबीथा अमोलिकचं. मास्तरांची जुनी विद्यार्थिनी. घरात ती आणि अकरा वर्षांची नात, सुवर्णा. तेव्हा घरोघर फोन नव्हते. तबीथानं लिहिलं होतं:

"मास्तर, सलाम. सुवर्णाचा ताप उतरला, पण अंगात रक्त नाही. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, पोटात ठरेल ते घाला. नदीच्या खेकड्यांचा रस्सा तेवढा ठरायचा. पोरगी उठून बसायला लागली होती. मग बाहेरगावचे एक उपदेशक आले. म्हणाले, खेकडा अशुद्ध, खाणाऱ्याकडे देव पाठ फिरवतो. मी पातेलं उकिरड्यावर ओतलं. आता पोरगी पुन्हा पडून आहे. परत रांधला, तर तोंड मिटून घेते. म्हणते, आजी, मी मेले तर देव मला घेणार नाही. मास्तर, रविवारच्या शब्बाथ शाळेत तुम्हीच ते पाठ करून घेतलं होतं – पाण्यातलं, पंख आणि खवले नसलेलं, ते सगळं ओंगळ. मला पहिलं बक्षीस दिलंत. मीच ते पोरीला शिकवलं. ती म्हणते, मास्तरांचं अक्षर दाखव, मग खाईन. एक ओळ लिहा."

एक ओळ मागितली होती, मंडळी! आणि मास्तर? खेकडा तिरका चालतो म्हणतात. पण विद्वान माणूस घाबरला, की त्याच्यापुढं खेकडा सरळ.

मास्तरांनी मार्काचं शुभवर्तमान उघडलं. बाहेरून माणसाच्या आत जातं त्यानं तो अशुद्ध होत नाही. बरं वाटलं. लिहिलं, 'तबीथा, पोरीला खाऊ घाल.' मग आठवलं, पहिल्या शिष्यांच्या यरुशलेमच्या सभेनं रक्त खाणं वर्ज्य सांगितलं होतं, त्याचं काय? कागद बाजूला. रोमकरांस पत्र उघडलं, तिथून यहेज्केल संदेष्ट्याचं पुस्तक. आणि तिथं तो पहारेकरी भेटला – ज्यानं इशारा दिला नाही आणि ज्याच्याकडून रक्ताचा जाब मागितला गेला.

मास्तरांच्या मनात आलं – 'खा' म्हणालो आणि चुकलो, तर पोरीचा आत्मा माझ्या मानेवर. 'खाऊ नको' म्हणालो, तर तिचा जीव. टिपणांचे चौदा कागद झाले. पत्राची एक ओळ होईना.

आणि त्याहून आत एक भीती होती. तबीथा वर्गात होती त्या वर्षी लेवीय पाठ करून घेतलं होतं. ती बंदी उठते तो येशूच्या शिष्याचा, पेत्राचा दृष्टान्त दिवाळीच्या सुटीनंतर घ्यायचा होता. सुटीत मास्तरांची बदली झाली. पोरांना अर्धाच धडा मिळाला, आणि तो अर्धा धडा आता खडकवाडीत एका पोरीच्या उशाशी बसला होता.

चर्चची घंटा मयताचा एकेक टोला देऊ लागली, की मास्तर दचकून विचारत, "कोण गेलं?" पोस्टमन दिसला, की स्वयंपाकघरात जात.

विसाव्या दिवशी दुपारी राहेलबाईंनी, त्यांच्या पत्नीनं, हटकलं. "पोस्टमन काय वाघ आहे का हो?"

"त्याच्याकडे खडकवाडीचं पत्र असलं तर?"

"तर घ्यायचं."

"पोरगी गेल्याचं असलं तर?"

राहेलबाई समोर बसल्या. "ते पेत्राचं वाचा बरं. मोठ्यानं."

मास्तर वाचू लागले. यापो गाव, कातडी कमावणाऱ्या शिमोनाचं घर, भुकेला पेत्र वर गच्चीवर. आकाशातून चादर उतरते, तिच्यात शुद्ध-अशुद्ध नाना जनावरं. वाणी म्हणते, मारून खा. पेत्र म्हणतो, नको प्रभू. तीन वेळा!

"इथं भाष्यकारांत मतभेद आहे," मास्तर थांबून म्हणाले.

"राहू द्या. पुढं वाचा."

पुढं पेत्र कोड्यात पडलेला आहे, या दृष्टान्ताचा अर्थ काय म्हणून. आणि तेवढ्यात परकी माणसं दाराशी येऊन हाका मारतायत. आत्मा म्हणतो – ऊठ, खाली जा, संशय धरू नकोस.

मास्तरांचं बोट ओळीवर थांबलं. "आधी अर्थ लाव, मग जा, असं नाही म्हटलंय," ते हळूच म्हणाले.

"ती माणसं दारात किती वेळ उभी होती?"

"लिहिलेलं नाही."

"तुमच्या दारात एकोणीस दिवस उभी आहेत."

मास्तरांनी कागद ओढला. "सुवर्णा बाळ, तुझ्या आजीला मी अर्धाच धडा शिकवला. चूक माझी. तो नियम देवानं इस्राएलाला दिला, वेगळी प्रजा म्हणून. येशूनं सांगितलं, तोंडात जातं त्यानं माणूस विटाळत नाही. खेकडा खाल्ल्यानं देव तुला सोडणार नाही. रस्सा पी. – शांतवन मास्तर."

खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांची धाव कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत. काठी टेकत तिथं गेले. पेटी चारला उघडते. मास्तर पाकीट हातात धरून उभे राहिले.

ते उभे आहेत तोवर तुमच्याकडे वळतो. नाताळात करंज्या किती खाव्यात यावर लेवीयात नियम नाही, हे आपलं नशीब. नाहीतर अर्धी मंडळी बाहेर बसली असती. देवासाठी कुणी एखादा जिन्नस सोडला असेल, तर त्याला हसू नका. पण शेजाऱ्याच्या ताटात काय आहे ते तुम्हाला लगेच दिसतं. ताट रिकामं आहे, ते दिसतं का? सांभाळलेलं उत्तर आता काढा. जिन्नस तोडत नाही, मंडळी. घाबरलेल्याला आपण दारात उभं ठेवतो, ते तोडतं. तुमच्या शास्त्रात कुणाचं पत्र घडी घालून आहे?

चारला पोस्टमन आला. "मास्तर, तुमचं आज काही आलं नाही."

मास्तरांचा श्वास सुटला. पण पत्र न येणं म्हणजे पोरगी जिवंत आहे, असं कुठं असतं?

"घ्यायचं नाही," ते म्हणाले. "द्यायचंय." आणि पाकीट पेटीत न टाकता त्यांनी पोस्टमनच्या पिशवीत स्वतःच्या हातानं ठेवलं.