टाकी भरली तरी कोणी उठू नका

मंडळी, सरपंच, भावकीतल्या बायका, आणि हिंजवडीच्या कंपन्यांत सुट्टी टाकून आलेले आमचे भाडेकरू, तुम्ही सगळे कामं सोडून तात्यांसाठी या मारुतीच्या मंडपात आलात. मला माईकसमोर उभं राहायची सवय नाही. अडखळले तर थोडी थांबेन, पण बोलणार आहे. माझं रडून झालंय. आज मला एक पुरं झालेलं काम सांगायचंय.

तुमच्या तात्यांनी एकोणीस वर्षं गावाला पाणी सोडलं. गावाचे वॉलमन. मोटार चालू करायची, टाकी भरली की बंद करायची. पण टाकी काय सांगून भरते? हे अर्ध्या भाकरीवरून उठले. कीर्तनातून उठले. आमच्या पोरीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू होती आणि कोणीतरी ओरडलं, "तात्या, टाकी भरली!" नवरीचा बाप फेट्यासकट पळाला. हसा, हसा. तेव्हाही हसला होतात तुम्ही.

गेल्या वर्षी ह्यांनी एक इलेक्ट्रॉनिकचा बोर्ड आणला, काड्यापेटीएवढा. म्हणाले, "ह्याला शिकवलं की ह्योच मोटार बंद करतुया." भिकूभाऊ, तुम्ही पारावर काय म्हणालात? "वॉलमन आता इंजिनिअर झाला!" समोरच बसलाय, म्हणून आठवण देते.

मी सातवी शिकलेली, पण हाती लागेल ते वाचते. बोर्डाबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मी वाचायचे, डिक्शनरी मांडीवर घेऊन. वायरी जोडायचे हे. पहिला धडा होता बोर्डावरचा बारका दिवा लुकलुकवायचा. आठ दिवस लुकलुकेना. बोर्डाला वीज मिळत होती, पण जुन्या लॅपटॉपला तो दिसतच नव्हता.

हे म्हणाले, "मेलाय ह्यो."

मी म्हटलं, "मेला न्हाई. तुमी चुकताय."

"मी चुकतोय? आन् वाचतंय कोण?"

दोन दिवस अबोला. शेवटी आमच्या खोलीत राहणारी पल्लवी, कंपनीत जाते ती, तिनं वायर हातात घेतली आणि हसायलाच लागली. "काका, ही नुसती चार्जिंगची वायर आहे. हिच्यातून प्रोग्रॅम जात नाही."

वायर बदलली. दिवा लुकलुकला. ह्या माणसानं गल्लीभर पेढे वाटले, नखाएवढ्या दिव्यासाठी! लोकांना वाटलं नातू झाला.

मग टाकीत तरंगता गोळा सोडला. पाण्याबरोबर गोळा वर आला की बोर्डानं मोटार बंद करायची. पण पडत्या पाण्याला लाटा. गोळा डुचमळायचा आणि मोटार बंद, चालू, बंद, चालू. ते कोडं सुटायच्या आत हे गेले. दुपारी छातीत कळ आली आणि गेले. त्या दिवशीही दारात कोणीतरी ओरडलं, "तात्या, टाकी भरली!" पहिल्यांदाच हे उठले नाहीत.

दहावा झाला आणि मी पुस्तक उघडलं. खुणेला ह्यांचं बसचं तिकीट होतं. त्याच्या पुढच्याच पानावर लिहिलं होतं: इशारा आला की लगेच खरा मानू नका. थोडं थांबा. टिकला तरच खरा.

एवढंच होतं हो! एक पान पुढं!

मी प्रोग्रॅममध्ये बोर्डाला थांबायला लावलं. पाच सेकंद. पल्लवीनं तपासलं, वायरमननं जोडणी पाहिली. आज चौथा दिवस आहे. एकदाही टाकी वाहिली नाही. एकदाही कोणाला पळावं लागलं नाही. जिंकले तुमचे तात्या. भिकूभाऊ, ऐकताय ना? वॉलमन इंजिनिअर झाला.

मंडपामागं मोटारीची घरघर येतेय ना? मीच चालू करून आलेय. टाकी आता भरत आलीय. ह्यांच्यासाठी सगळ्यांनी शांत बसायचं, ती घरघर आपोआप थांबेपर्यंत. कोणी ओरडायचं नाही. कोणी उठायचं नाही.

आन् अहो, तुमीबी बसा आता. निवांत.