मले बेस नोको, आवाज पायजे!

...अन् वरतून तो दुकानवाला मलेच म्हणते, ‘मावशी, तुमचा कानच लहान हाये!’ आता बोला! याच कानानं सासूचं आयकलं, जावांचं आयकलं, साऱ्या गावाचं आयकलं, तवा नाई लहान पडला, अन् तुह्या रबराच्या बुचासाठी लहान झाला?

तुमाले सांगते, नांदुऱ्याले टेसनाच्या रस्त्यावर त्या शेखरचं मोबाईलचं दुकान हाये, तिथं गेली. म्या म्हटलं, ‘भाऊ, कानात घालायची वायर दे. सस्ती दे, पण आवाज साफ पायजे.’ तं तो बिनवायरचं काढून राह्यला, हरबऱ्याच्या दाण्याएवढं! म्हटलं, ‘हे आंगणात पडलं तं कोंबडी गिळन. वायर असली म्हंजे ओढून तं काढता येते!’ मंग वायरचं काढलं अन् छाती फुगवून म्हणते, ‘हे घ्या मावशी, याचा बेस लय भारी हाये.’

आता आपल्याकडं बेस म्हंजे काय हो? चांगलं! भाजी बेस झाली, सून बेस भेटली. म्या म्हटलं, ‘बेस हाये तं बेस हाये, त्यात भारी काय?’ तो हासला, अन् देलं गाणं लावून... बाप्पा बाप्पा बाप्पा! निरा धम्म धम्म धम्म! कानात लगनाचा डीजे घुसला का कापसाच्या जिनिंगची मशीन, काई समजेना! उपसून फेकलं. ‘मले बेस नोको रे, आवाज पायजे!’

‘कोणाचा आवाज, मावशी?’

घ्या! त्याले काय सांगू? तुमाले सांगते... माही लहान बहीण जनका, जळगाव जामोदले देली होती. मी किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचू वाचू शिकली, कोणाच्या बापानं शिकवलं नाई मले, पण तिले लिवता येत नोतं. मंग मोबाईलवर बोलून धाडे. ‘बाई, आज आंबाडीची भाजी केली.’ ‘बाई, तुह्या गुडघ्याचं काय वं?’ मले बाईच म्हणे ती. दवाखान्यातून बी एक धाडलं... अन् त्याच दिवशी गेली. ते मोबाईलवर लावलं का निरा खरखर. ‘बाई...’ खरखर... ‘हाये मी...’ खरखर... ‘येजो.’ आता हे लवकर येजो हाये, का नोको येजो? तिचा पोरगा प्रेमानंद म्हणते, ‘मावशी, मायच गेली, आता काय फरक पडते?’ तुले नसन पडत बाबू! तिनं बलावलं अन् मी गेली नाई, असं तं झालं नाई ना? मले रातचा घास उतरत नाई!

अन् हा शेखर काय करते? दुसरं काढते. ‘याच्यात त्याच्याहून जादा बेस!’ धम्म धम्म! तिसरं काढते. धडाम धडाम! ‘अरे मले बेस नोको, आवाज पायजे!’ शेवटी कटाळला अन् खालच्या खणातलं धूळ खाल्लेलं एक काढलं. ‘हे कोणी घेत नाई. याच्यात बेसच नाई.’

‘तेच दे!’

लहान रबर लावलं. घातलं कानात. लावलं जनकाचं...

काय सांगू तुमाले. खरखर नोतीच ती, पंखा होता दवाखान्यातला. तो राह्यला बाजूले, अन् जनका आली कानाजोळ, लहानपणी एका गोधडीत कुजबुजे तशी. ‘बाई... बेस हाये मी... फिकर नोको करू... तुहा कापूस येचून झाला का मंग... सवडीनं येजो.’

बलावलंच नोतं हो तिनं मले! म्या म्हटलं, सुटली मी. पण वायर लय साफ ना... एका एका शब्दामांगं तिचा दम आयकू ये. खोल हिरीतून भरली बादली ओढावी, तसा एक एक शब्द ओढून राह्यली होती, अन् वरतून म्हणे, बेस हाये मी!

शेखर घाबरला. ‘काऊन रडता मावशी? साफ नाई का?’

‘साफ हाये बाप्पा. लय साफ हाये.’

‘पण याच्यात बेस नाई हां, मंग मले म्हणसान!’

म्या डोळे पुसले. म्हटलं, ‘हाये रे, बेस हाये... खोटा हाये, पण हाये. बांधून दे.’